मे महिन्यातला कमांडो कॅम्प केला की एनडीएला फायदा होतो का?

मोगरा७८ | ६ मे, दुपारी ३:१०

नमस्कार मंडळी, धागा काढायची पहिलीच वेळ, चुकीच्या विभागात पडला असेल तर अ‍ॅडमिननी हलवावा.

मुलगा यंदा दहावीला होता, पेपर संपले, निकाल यायचाय. सहावी-सातवीपासून डोक्यात एनडीए आहे, म्हणजे फौजेत ऑफिसर घडवणारी अकॅडमी. आम्ही चिंचवडला राहतो, पानशेतला जाताना खडकवासल्याच्या तिथे गाडी हळू करायला लावतो आणि मान वळवून बघत बसतो, एवढं वेड. घरात कोणीच फौजेत नाही त्यामुळे आम्हाला यातलं ओ की ठो कळत नाही.

तर ह्यांच्या ऑफिसातल्या एकांनी एक पत्रक आणून दिलं. २१ दिवसांचा निवासी कमांडो कॅम्प, रायफल शूटिंग, रॅपलिंग, घोडेस्वारी, ऑब्स्टॅकल, "एसएसबी ओरिएंटेशन", शेवटी सर्टिफिकेट आणि मेडल. फी ३२ हजार, ड्रेस आणि बुटांचे वेगळे. आणि खाली ठळक अक्षरात, या सर्टिफिकेटला एनडीए निवडीत वेटेज मिळते. मी फोन केला तर पलीकडचा मुलगा म्हणाला मॅडम सीट्स संपत आल्यात, उद्यापर्यंत निम्मे भरून ठेवा.

३२ हजार आमच्यासाठी लहान रक्कम नाही, पण खरंच उपयोग होणार असेल तर कुठून तरी काढू. कोणाला अनुभव आहे का? आणि कॅम्प नाही तर मग सुट्टीत नक्की काय करायचं? पोरगं दिवसभर मोबाईल घेऊन पुशअपचे व्हिडिओ बघतं, पुशअप मारत नाही.

ता.क. अकरावीला कॉमर्स घेतो म्हणतोय, सगळे मित्र तिकडे चाललेत म्हणून. आर्मीला कॉमर्स चालतं असं त्याने कुठेतरी वाचलंय.

सातारी_तर्री | ६ मे, दुपारी ३:४२

ताई पैशे भरू नका, आधी एवढं वाचा मग बाकीचं बोलू.

चेस्टनंबर१७ | ६ मे, संध्या. ५:०५

वेटेज शून्य. अर्धा टक्का पण नाही. मी दोनदा एसएसबीला, म्हणजे फौजेच्या सिलेक्शन बोर्डाच्या पाच दिवसांच्या चाचणीला जाऊन आलोय (एकदा स्क्रीन आऊट म्हणजे पहिल्याच दिवशी बाहेर, एकदा कॉन्फरन्स आऊट म्हणजे शेवटच्या दिवशी बाहेर), त्यामुळे नापास माणसाचा सल्ला समजून वाचा.

मार्कांचं गणित साधं आहे. यूपीएससीची लेखी ९०० ची, त्यात मॅथ्स ३०० आणि जनरल अ‍ॅबिलिटी ६००. लेखीत निघालात तर एसएसबी, ती पण ९००. एकूण १८०० वर मेरिट लागते. या १८०० मध्ये सर्टिफिकेटचा रकानाच नाहीये, ना कॅम्पचा, ना कराटे ब्लॅक बेल्टचा, ना अगदी एनसीसीचा सुद्धा. एनसीसीच्या सी सर्टिफिकेटवाल्यांची स्पेशल एंट्री वेगळी असते आणि ती ग्रॅज्युएशननंतरची, लोक दोन्हीची खिचडी करतात आणि क्लासवाले ती करू देतात.

कॅम्पचा उल्लेख येतो फक्त एका ठिकाणी, पीआयक्यू नावाचा फॉर्म भरून घेतात त्यात. घर, शाळा, मार्क, खेळ, छंद, आईवडिलांचं शिक्षण, उत्पन्न, सगळं त्यात असतं आणि मुलाखत घेणारे ऑफिसर तोच फॉर्म समोर ठेवून बसतात.

आता माझीच गोष्ट सांगतो. मी अकरावीच्या सुट्टीत असाच कॅम्प केला होता (नाव विचारू नका) आणि पीआयक्यूत मोठ्या झोकात लिहिलेला. मला वाटलं सर विचारतील रॅपलिंग कसं करतात वगैरे, तयारी पण तीच. सरांनी विचारलं, फी किती होती? म्हटलं सर २२ हजार. मग फॉर्मकडे बघितलं, तिथे वडिलांचं महिन्याचं उत्पन्न मीच लिहिलेलं, २८ हजार. म्हणाले, मग त्या महिन्यात घर कसं चाललं? मी गप्प. खरंच माहीत नव्हतं हो. कधी विचारलंच नव्हतं घरी. सर अजिबात चिडले वगैरे नाहीत, हसून पुढच्या प्रश्नाला गेले, पण तो एक प्रश्न मला परतीच्या ट्रेनमध्ये भोपाळपासून मनमाडपर्यंत पुरला. घरी येऊन आईला विचारलं तेव्हा कळलं की पतसंस्थेतून उचल घेतली होती.

कॉन्फरन्स आऊट त्याच एका उत्तराने झालो असं नाही, तिथे पाच दिवसांचं सगळं मिळून बघतात. पण कॅम्पने मला काय दिलं असं विचारलंत तर हा प्रश्न दिला.

मोगरा७८ | ६ मे, संध्या. ५:३०

बापरे. अंगावर काटा आला वाचून. आमच्याकडे पण उचलच घ्यावी लागली असती, खोटं कशाला बोलू.

खडकवासलेकर | ६ मे, रात्री ८:१५

आमच्या भागात उन्हाळा आला की असल्या पत्रकांचा पाऊस पडतो. विजेच्या खांबावर "सीईटी क्रॅश कोर्स", त्याखाली "डोसा बॅटर मिळेल" आणि त्याखाली "कमांडो बना". तिन्हीत डोसा बॅटरवाल्याचा दावा सगळ्यात प्रामाणिक.

गंमत अशी की अकॅडमी माझ्या घरापासून दोन ढांगांवर आहे आणि तिथल्या पोरांचं ट्रेनिंग बघितलेलं कोणीही सांगेल की हे सगळं आत गेल्यावर तेच शिकवतात, पहिलीपासून. सात हजार एकरांचं आवार आहे, पीकॉक बे ला पाण्यातलं शिकवतात, घोडे आहेत, ग्लायडर आहेत, पाचव्या टर्मला कॅम्प तोरणा असतो. तीन वर्षं, सहा टर्म. हे सगळं सरकार फुकट करून घेणार असताना तुम्ही ३२ हजार भरून त्याची झेरॉक्स का काढताय?

रविवारी लिबर्टीवर (बाहेर जायच्या सुट्टीवर) सुटलेली पोरं गावात दिसतात, केस बारीक, कपडे नीट, आणि इतकी उपाशी असतात की हॉटेलवाला ताटं मोजायचं सोडून देतो. त्यांच्यातल्या एखाद्याला गाठून मुलाला बोलू द्या. फुकट.

ओजी_निवृत्त | ६ मे, रात्री ९:५०

२६ वर्षं नोकरी केली, त्यातली काही ट्रेनिंग एस्टॅब्लिशमेंटमध्ये. सिलेक्शन बोर्डावर कधी नव्हतो, त्यामुळे त्यावर बोलत नाही.

ड्रिल बाहेर शिकून आलेला रिक्रूट आमच्यासाठी जास्त काम. कोरी पाटी परवडते. चुकीचा सॅल्यूट हातात बसला की उस्तादला (ड्रिल शिकवणाऱ्याला) आधी तो काढावा लागतो, मग नवीन घालावा लागतो. कॅम्पमध्ये पोरांना ओरडून शिव्या देणं म्हणजे मिलिटरी ट्रेनिंग असा काही लोकांचा समज आहे. ओरडणं त्यातलं सगळ्यात सोपं काम.

मॅडम, मुलाला सकाळी कोण उठवतं? तुम्ही उठवत असाल तर सुरुवात तिथून करा.

सातारी_तर्री | ६ मे, रात्री १०:२०

आता माझं ऐका. माझ्या आत्याचा नातू, धिप्पाड पोरगं, असल्याच एका कॅम्पाला धाडलं. नाव घेत नाय. तिथं पहिल्या दिवसापासनं डांबरी रोडवर सकाळ-संध्याकाळ पळवायचं, ते पण कॅम्पनं दिलेल्या कॅनव्हासच्या बुटात, ज्यात तळवा म्हणून काय नव्हतंच. धाव्या दिवशी नडगी दुखाय लागली तर म्हणले "दर्द को पी जाओ". पेऊन टाकला दर्द. घरी आला तो लंगडत, एक्सरे-एमआरआय केला तर नडगीच्या हाडाला स्ट्रेस फ्रॅक्चर. दोन म्हैने पळणं बंद. पोरगं एनडीएला पळायची तयारी करायला गेलतं न् पळणंच बंद करून आलं!

आत्या अजून म्हंती, सर्टिफिकेट मात्र झकास हाय, लॅमिनेट करून दिलंय.

डोळस | ७ मे, सकाळी ९:०५

मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, नगरला दुकान आहे, दरवर्षी एक तरी रडणारं घर बघते म्हणून लिहिते.

३२ हजार राहू द्या, आधी दोन-तीनशे रुपये खर्च करा आणि मुलाचे डोळे तपासा. फक्त नंबर नाही, रंगज्ञान. ठिपक्यांमध्ये आकडा ओळखायचं पुस्तक असतं ना, इशिहारा, ते वाचायला पाच मिनिटं पुरतात. लाल-हिरव्यातला फरक कमी कळणारी मुलं दर शंभरात काही असतातच (मुलींमध्ये फारच कमी), आणि त्यांना स्वतःला पत्ताच नसतो कारण त्यांनी जग तसंच बघितलेलं असतं. मागच्या वर्षी एक मुलगा आला, लेखी पास, एसएसबी रेकमेंड, आणि मेडिकलमध्ये रंगांवर अडकला. घरच्यांना वाटलं जीवनसत्त्वाच्या गोळ्यांनी बरं होईल. नाही होत, जन्मजात असतं. तीन वर्षं मुलगा एकाच स्वप्नावर बसलेला आणि हे पाचवीतच कळू शकलं असतं.

तसंच सपाट तळवे, गुडघे एकमेकांना लागणं, नाकाचं हाड वाकडं, कानात मळ, वजन. यातलं काही दुरुस्त होतं, काही नाही. पण आत्ता कळलेलं बरं.

अनिकेतचे_बाबा | ७ मे, सकाळी ११:३०

सगळे एकाच बाजूने तुटून पडलेत म्हणून दुसरी बाजू. माझा मुलगा एकुलता एक, घरकोंबडा, दहावीपर्यंत एक रात्र आमच्याशिवाय झोपला नव्हता. आम्ही त्याला १० दिवसांच्या शिबिरात पाठवलं, संस्था जुनी होती, फी माफक, वेटेज वगैरे थापा कोणी मारल्या नाहीत. चाळीस मुलांच्या हॉलमध्ये राहिला, स्वतःची चड्डी स्वतः धुतली, दुधी भोपळा खाल्ला. परत आला तो वेगळा मुलगा होता असं म्हणणार नाही, पण दुधी अजून खातो. एनडीए वगैरे काही केलं नाही, आज सीए करतोय.

तेव्हा कॅम्प म्हणजे फसवणूकच असं सरसकट नको. नाशिकच्या भोसला मिलिटरी स्कूलसारख्या संस्था आहेत, १९३७ सालची डॉ. मुंज्यांनी काढलेली शाळा ती. सगळ्यांना एका मापाने मोजू नये.

चेस्टनंबर१७ | ७ मे, दुपारी १२:१०

@अनिकेतचे_बाबा, पटलं काका. दुधीसाठी पाठवा, एनडीएसाठी नका पाठवू, माझं म्हणणं एवढंच.

तसं राहायचंच असेल तर एनसीसीचा दहा दिवसांचा कॅम्प जवळजवळ फुकटात होतो, तंबू, लाईनीत जेवण, रात्रीची पहाऱ्याची ड्युटी सगळं असतं आणि फायरिंग खऱ्या रायफलीने. अकरावीला कॉलेज घेताना तिथे एनसीसी युनिट आहे का ते बघा.

मंजिरी_नाशिक | ७ मे, दुपारी ४:४५

मोगरा, तुमचा कॉमर्सवाला ता.क. वाचून राहवलं नाही म्हणून लॉगिन केलं. या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न तोच आहे आणि त्यावर कोणी बोलतच नाहीये.

आर्मी विंगला कुठल्याही शाखेची बारावी चालते हे खरं आहे. एअरफोर्स आणि नेव्हीला बारावीत फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स लागतंच. पण आर्मीला जायचं असलं तरी पेपर सगळ्यांना तोच, आणि त्यात ३०० मार्कांचं गणित आहे, १२० प्रश्न, अडीच तास, चुकलं की एक तृतीयांश मार्क वजा. त्या १२० प्रश्नांत डिफरन्सिएशन, इंटिग्रेशन, मॅट्रिक्स, व्हेक्टर, ट्रिगनॉमेट्री सगळं अकरावी-बारावी सायन्सचं. कॉमर्स घेऊन हे बाहेरून शिकणारी मुलं असतील, पण तुमचा मुलगा पुशअप बघणाऱ्यांतला आहे, मारणाऱ्यांतला नाही असं तुम्हीच म्हणताय :)

आता माझ्या लेकीचं सांगते. मुलींना एनडीएची परीक्षा खुली झाली सुप्रीम कोर्टाच्या आदेशाने, २०२१ ला. पहिली तुकडी मे २०२५ मध्ये खडकवासल्याहून बाहेर पडली, १७ मुली. आमची तेव्हा बारावीत होती आणि ती परेड तिने टीव्हीवर उभं राहून बघितली. तिने लेखी दिली, निघाली. एसएसबीला गेली, पहिल्याच फटक्यात रेकमेंड. मेडिकल फिट. आम्ही पेढे वाटले हो, गल्लीत बॅनर लागता लागता राहिला. आणि मग मेरिट लिस्ट आली आणि तिचं नाव नाही.

मेरिट आऊट म्हणतात याला. म्हणजे बोर्ड म्हणतं तू ऑफिसर व्हायच्या लायकीची आहेस, डॉक्टर म्हणतात शरीर ठणठणीत, आणि तरी जागा नाही कारण वरच्यांचे मार्क जास्त. आर्मीच्या २०८ जागांत मुलींना १० असतात, आता विचार करा. लेखीचा कटऑफ अलीकडे ९०० पैकी तीनशेच्या आसपास लागतोय, त्यामुळे सगळे म्हणतात लेखी सोपी आहे, तीनशे काढले की झालं. तिनेही तेच केलं, कटऑफच्या थोडं वर काढून सगळं लक्ष एसएसबीकडे. शेवटी कमी पडले ते लेखीचे मार्क. तिचे अंतर बारा मार्कांचं होतं. गणिताचा एक प्रश्न अडीच मार्कांचा असतो, म्हणजे पाच प्रश्न.

त्या रात्री ती काही बोलली नाही, पेढ्यांचा रिकामा पुडा कचऱ्यात न टाकता त्यात स्वतःचे कानातले ठेवले. अजून तोच वापरते. सप्टेंबरच्या परीक्षेला परत बसणार आहे, सध्या सकाळी गणित, संध्याकाळी पळणं.

तर सुट्टीत काय करायचं विचारलंत ना, सायन्स घ्यायला लावा आणि अकरावीच्या गणिताचं पुस्तक आत्ता आणा.

मोगरा७८ | ७ मे, संध्या. ६:२०

मंजिरीताई, काय बोलू. लेकीला माझ्याकडून खूप शुभेच्छा सांगा. पाच प्रश्न!!

एक विचारायचं राहिलं, परीक्षा नक्की कधी देता येते? तो आता १५ वर्षं १० महिन्यांचा आहे.

चेस्टनंबर१७ | ७ मे, संध्या. ६:५५

बारावीत शिकत असताना देता येते, अकरावीत नाही. वर्षात दोनदा, साधारण एप्रिल आणि सप्टेंबर. वयाची अट कोर्स सुरू व्हायच्या वेळी साडेसोळा ते साडेएकोणीस. म्हणजे त्याला तीन-चार अटेम्प्ट आरामात मिळतील. एप्रिलची परीक्षा दिली की कोर्स पुढच्या जानेवारीत आणि सप्टेंबरची दिली की पुढच्या जुलैत, मध्ये सगळं एसएसबी-मेडिकल-मेरिट. त्यामुळे बारावीनंतर कॉलेजला अ‍ॅडमिशन घेऊन ठेवा, "एनडीए होणारच आहे" म्हणून घरी बसवू नका. माझ्या बॅचला एक जण वर्षभर नुसता बसलेला, मुलाखतीत वर्षभर काय केलंस विचारल्यावर त्याची वाट लागली.

मंजिरी_नाशिक | ७ मे, रात्री ८:०५

आणि एसपीआयचं तुम्हाला कोणी सांगितलं नाही का? छत्रपती संभाजीनगरला राज्य सरकारची सर्व्हिसेस प्रिपरेटरी इन्स्टिट्यूट आहे, १९७७ पासून, मुलांना अकरावी-बारावी दोन वर्षं तिथे ठेवून एनडीएची तयारी करून घेतात. मुलींसाठी आता आमच्या नाशिकला झालीये. पण अर्ज दहावीत असतानाच करायचा असतो, परीक्षेच्या सुमारास.

मोगरा७८ | ७ मे, रात्री ८:३०

म्हणजे गेलं ते. शाळेत एकाही शिक्षकाने सांगितलं नाही. पत्रकवाला मात्र घरापर्यंत पोचला.

खडकवासलेकर | ७ मे, रात्री ८:४१

सरकारी योजनेला खांब परवडत नाही ना.

मोगरा, वाईट वाटून घेऊ नका, एसपीआयशिवाय पण ढिगाने पोरं जातात. धाग्यावर लहान मुलांचे आईबाप असतील त्यांच्यासाठी: साताऱ्याची सैनिक शाळा सहावी आणि नववीला घेते (देशातली पहिली सैनिक शाळा ती, १९६१), आणि डेहराडूनचं आरआयएमसी (मिलिटरी कॉलेज) आठवीला. घरी कॅलेंडरवर लिहून ठेवा.

व्हर्जिनियातून | ८ मे, पहाटे ५:१५

इकडून वाचतेय, मध्ये नाक खुपसते. तुमच्या प्रश्नाचं अमेरिकन रूप आमच्या घरात दोन वर्षांपूर्वी झालं.

इथे अकॅडम्या स्वतःच उन्हाळी प्रोग्राम चालवतात. अनापोलिसच्या नेव्हल अकॅडमीचा समर सेमिनार, वेस्ट पॉइंटचा समर लीडर्स एक्सपिरियन्स, एअरफोर्सचा पण आहे. अकरावी संपवून बारावीला जाणाऱ्या मुलांसाठी, जूनच्या सुमारास, आठवडाभर. प्रवेशासारखाच अर्ज करावा लागतो, मार्क बघतात. मुलं तिथल्याच होस्टेलला राहतात, वर्गात बसतात आणि त्यांना पळवायला तिथलेच कॅडेट असतात. म्हणजे तुमच्या पत्रकासारखी नक्कल नाही, खरं दुकान आठवडाभर उघडून दाखवतात.

आणि तरीसुद्धा, हा प्रोग्राम केला म्हणून प्रवेश मिळतो असं नाही, न केलेले मुलगेमुली मजेत आत जातात. खरा अडसर वेगळाच. इथे अर्जाबरोबर नॉमिनेशन लागतं, बहुतेक मुलं ते आपल्या भागाच्या काँग्रेसमनकडून नाहीतर सिनेटरकडून आणतात. म्हणजे विचार करा, एनडीएला जायला खासदाराची चिठ्ठी! (चिठ्ठी म्हणजे वशिला नव्हे, ते लोक रीतसर मुलाखती घेतात. पण एका काँग्रेसमनची एका अकॅडमीत एका वेळी पाचच मुलं असू शकतात.) शिवाय नागरिकत्व लागतं, ग्रीन कार्डवाल्यांना नाही, हे आपल्या बऱ्याच मराठी घरांना फार उशिरा कळतं.

माझ्या मुलीची निवड झाली समर सेमिनारला. गेली, सहा दिवसांनी आणायला गेलो, गाडीत बसली, बूट काढले, पायाला फोड, आणि म्हणाली आई मला हे नकोय. जहाजं आवडली, माणसं आवडली, पण पदवीनंतर पाच वर्षं नोकरीचं बंधन आणि दिवसभर कोणीतरी सांगणार काय करायचं, हे नको. मी मनातल्या मनात देव पाण्यातून बाहेर काढले, बाबा मात्र हिरमुसले, त्यांनी टोपी घेऊन ठेवली होती नेव्हीची. ती आता समुद्रशास्त्र शिकतेय.

ओजी_निवृत्त | ८ मे, सकाळी ७:३०

@व्हर्जिनियातून, मुलीचा निर्णय चांगला. आत गेल्यावर कळण्यापेक्षा गाडीत कळलं.

मोगरा मॅडम, जॉइन करायच्या आधी शरीर कुठवर तयार हवं ते एनडीएच्या नोटिफिकेशनमध्येच छापलेलं असतं. २.४ किमी १५ मिनिटांत, पुशअप आणि सिटअप किमान २०, चिनअप ८, तीन-चार मीटर दोर चढणं. त्यासाठी मैदान आणि एक झाड पुरतं. डांबरावर नको, मातीवर पळवा. सातारकर बरोबर सांगतात.

सातारी_तर्री | ८ मे, सकाळी ८:०२

आजवर मला कोणी बरोबर म्हणलं नव्हतं. स्क्रीनशॉट काढून ठिवला.

चेस्टनंबर१७ | ८ मे, सकाळी १०:४०

अजून एक, बोलण्याचं. पहिल्याच दिवशी स्क्रीनिंगला एक धूसर चित्र ३० सेकंद दाखवतात, चार मिनिटांत गोष्ट लिहायची, मग ग्रुपमध्ये ती सांगायची आणि सगळ्यांनी मिळून एक गोष्ट ठरवायची. आम्ही याला मासळीबाजार म्हणतो, पंधरा जण एकदम सुरू होतात. माझ्या पहिल्या वेळी मी मराठी माध्यमाचा, इंग्रजी वाक्य मनात जुळवेपर्यंत चर्चा संपलेली. दुपारी पास झालेल्यांचे चेस्ट नंबर (छातीवर लावलेले नंबर) वाचले, माझा नाही. दोन तासांत बॅग घेऊन स्टेशनवर. (पहिल्या वेळेचं रेल्वेभाडं देतात, तेवढीच कमाई.)

तर सुट्टीत रोज घरच्या कोणालातरी पेपरातली एक बातमी इंग्रजीत समजावून सांगायची. चुकलं तरी चालेल. मी माझ्या आजीला सांगायचो, तिला इंग्रजी येत नाही त्यामुळे ती चुकाही काढायची नाही, फक्त "बरं मग?" म्हणायची. त्या "बरं मग?" ने मी दुसऱ्या वेळी स्क्रीन इन झालो.

मोगरा७८ | १७ मे, रात्री ९:२५

मंडळी, अपडेट द्यायचं राहिलं होतं.

कॅम्पवाल्यांना फोन करून म्हटलं वेटेजचं जे छापलंय ते मला लेटरहेडवर लिहून द्या, मी लगेच पैसे भरते. म्हणाले तसं लिहून देता येत नाही मॅडम. मग छापता कसं, तर फोन कट.

हा धागा मुलाला वाचायला दिला. आधी फुगून बसला दोन दिवस, कारण दोन मित्र चाललेत त्या कॅम्पला. मग रात्री स्वयंपाकघरात आला आणि चेस्टनंबर यांची ती उत्पन्नाची गोष्ट वाचून मला विचारलं, आई आपल्याला महिन्याला किती लागतात? बसून सगळं सांगितलं, घराचा हप्ता, त्याची फी, आजीची औषधं. वहीत लिहून घेतलं त्याने. हप्त्याच्या आकड्याखाली दोनदा रेघ मारली.

डोळे तपासले, रंग सगळे ओळखले, नंबर मात्र निघालाय, उजव्याला पाऊण. डोळसताई, हा चालतो का? सायन्सचं अजून पूर्ण कबूल नाही, निकालानंतर बघू म्हणतोय, पण गणिताचं पुस्तक आणलंय आणि पहिली दहा पानं पेन्सिलने भरलीयेत. आजीला बातमी सांगणं सुरू आहे, आमची आजी "बरं मग?" म्हणत नाही, ती मध्येच स्वतःची बातमी सांगायला लागते.

आणि गेले पाच दिवस सकाळी साडेपाचला स्वतः उठून जातोय. मी जागीच असते पण उठत नाही. किती वेळ लागला २.४ ला ते सांगत नाही मात्र.

डोळस | १७ मे, रात्री १०:१०

नंबराच्या मर्यादा विंगप्रमाणे वेगळ्या असतात, फ्लाइंगला सगळ्यात कडक. या वर्षीच्या नोटिफिकेशनचं मेडिकलचं परिशिष्ट आणि मुलाचा कागद घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरांकडे बसा. लेसरचा विचार मनात आणू नका त्यांना विचारल्याशिवाय.

ओजी_निवृत्त | १८ मे, सकाळी ६:१०

टायमिंग विचारू नका. बूट बघा. टाचेला झिजतायत की बाहेरच्या कडेला?

मोगरा७८ | १८ मे, सकाळी ६:४८

आत्ताच आला, दारातच बघितले. बाहेरच्या कडेला, डावा जास्त. आणि सर, त्यात चिखल आहे, म्हणजे मातीवरच पळतोय.